हजेरीचा मेसेज आधी कुणाला?

प्रवेशअर्जात मोबाइल क्रमांकाचा एक रकाना असतो. अर्ज भरायच्या दिवशी घरात घाई असते, फीची मुदत तोंडावर आलेली असते आणि पुष्कळदा अर्ज आई किंवा वडीलच भरत असतात. त्या रकान्यात सहज स्वतःचा क्रमांक टाकला जातो. पैसे आपण भरणार, ओटीपी आपल्याच फोनवर आलेला बरा, इतका साधा विचार त्यामागे असतो. विद्यापीठाच्या संगणकाला मात्र त्या दिवसापासून विद्यार्थ्याचा फोन म्हणून तोच क्रमांक ठाऊक होतो. ओळखपत्र कुठे मिळेल, गट कोणता, वर्ग कोणत्या इमारतीत, पहिली चाचणी कधी, विषय बदलायची शेवटची तारीख कोणती, हे सगळं घरी येऊन पडतं. आई ते वाचते, फोन करून सांगते, एखादी गोष्ट सांगायची राहून जाते. ईमेलचं त्याहून कठीण. पासवर्ड दोघींकडे असेल तर आईने सकाळी उघडलेलं पत्र संध्याकाळी मुलीला ‘वाचलेलं’ दिसतं. ठळक अक्षरं गेलेली असतात, त्यामुळे तिची नजर तिथे थांबत नाही. चौथ्या आठवड्यात कळतं की प्रयोगशाळेच्या गटासाठी नाव नोंदवायचंच राहिलं. मग फोनवर वाद होतो. खरं तर दोघींनीही मनापासून केलेलं असतं. हे काम नेमकं कुणाचं, एवढंच ठरलेलं नसतं.

या रकान्यामागचा सार्वजनिक प्रश्न दरवर्षी नवं सत्र सुरू झालं की वर येतो. विद्यापीठात शिकणाऱ्या सज्ञान विद्यार्थ्याची हजेरी, गुण, तब्येत, वसतिगृहात परतायची वेळ हे विद्यापीठाने परस्पर पालकांना कळवावं का? पुष्कळ पालक हक्काने म्हणतात, कळवायलाच हवं. काही संस्था पालकांसाठी वेगळं लॉगिन देतात आणि माहितीपत्रकात तसं ठळकपणे छापतात. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिल्या सहा आठवड्यांत पालकांची मदत फार मोलाची असते, पण ती मुलांच्या हातून व्हायला हवी. मुलांना वगळून पालक आणि विद्यापीठ यांनी आपसांत कारभार करू नये. जिवाला धोका असेल तो प्रसंग सोडला तर विद्यापीठाने आधी विद्यार्थ्याशी बोलावं, आणि पालकांना काही कळवायचं तर त्याच्या संमतीने कळवावं.

विद्यापीठ म्हणजे पालकांच्या जागी असलेली संस्था, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत 1913 साली केंटकीच्या न्यायालयाने बेरिया कॉलेजच्या खटल्यात ती स्पष्ट शब्दांत मान्य केली होती. विद्यार्थ्यांनी गावातल्या खाणावळीत जायचं नाही, असा नियम कॉलेजने केला. खाणावळीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. आईबाप घरात जसे नियम करू शकतात तसे कॉलेजही करू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं. पुढे 1961 साली डिक्सन विरुद्ध अलाबामा या खटल्याने हा पाया हलवला. वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात भाग घेतला म्हणून काही विद्यार्थ्यांना म्हणणं मांडायची संधी न देता काढून टाकण्यात आलं होतं. सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही, असा निकाल लागला आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हक्क आहेत हे मान्य झालं. ब्रिटनने 1969 च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय 21 वरून 18 वर आणलं. जपानने हाच बदल 2022 साली, 20 वरून 18 असा केला. अमेरिकेच्या 1974 च्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्यानुसार मूल 18 वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं की नोंदींवरचा हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो. त्या कायद्यात अपवादही आहेत. करासाठी मूल आईवडिलांवर अवलंबून दाखवलेलं असेल किंवा आरोग्य-सुरक्षेचा तातडीचा प्रसंग असेल तर संस्था पालकांना कळवू शकते. म्हणजे हा कायदा पालकांना दार लावून घेत नाही. त्या दाराची किल्ली कुणाकडे, एवढंच तो ठरवतो.

दुसऱ्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. फी आईवडील भरतात, अनेकदा कर्ज काढून. अठराव्या वाढदिवसाला रात्रीत कुणी शहाणं होत नाही. शिवाय काही मुलं नापास झाल्याचं खरोखरच लपवतात, आणि घरी कळेपर्यंत वर्ष हातचं गेलेलं असतं. हे सगळं मान्य करूनही विचार करून पाहावा, हजेरीचा मेसेज घरी गेल्यावर नेमकं काय होतं? वडिलांना दुपारी कळतं की मुलगा दोन तासांना नव्हता. ते फोन करतात. मुलगा वर्गात नव्हता याचं कारण ताप असेल, रडू येत असेल, विषय डोक्यावरून जात असेल किंवा नुसता आळस असेल. फोनवर त्याला उत्तर मात्र एकाच प्रश्नाचं द्यायचं असतं: ‘का नव्हतास?’ तो पटेल असं कारण सांगतो. पुढच्या वेळी हजेरी लावायची सोय मित्राकडून करतो. टक्केवारी सुधारते, पण मूळ अडचण जिथल्या तिथे राहते आणि आता ती कुणालाच दिसत नाही. हाच मेसेज मार्गदर्शक प्राध्यापकाकडे गेला असता आणि त्यांनी मुलाला बोलावून दहा मिनिटं विचारपूस केली असती, तर निदान ताप की भीती हे कळलं असतं. घरी पाठवलेला मेसेज विद्यापीठाला स्वस्त पडतो. प्राध्यापकाची दहा मिनिटं महाग पडतात. पालकांनी भरलेल्या फीच्या बदल्यात मागायची असतील तर ती दहा मिनिटं मागावीत.

फार ताबा ठेवणाऱ्या पालकांचा मुलांवर काय परिणाम होतो, याचे अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ हॉली शिफ्रिन आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या अभ्यासात, आपले पालक अति नियंत्रण ठेवतात असं सांगणाऱ्या कॉलेज विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आणि जगण्याविषयीचं समाधान कमी आढळलं. हा संबंध दोन्ही बाजूंनी वाचता येतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मूल खचलेलं दिसलं म्हणून आईवडिलांनी पकड घट्ट केली, असंही असू शकतं. पण पकड घट्ट केल्याने मूल सावरतं, असं या अभ्यासातून कुठेही निघत नाही.

यावर तोडगा आहे आणि तो अवघड नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने 2018 साली विद्यार्थ्यांना नोंदणीच्या वेळीच विचारायला सुरुवात केली की तुमच्याविषयी गंभीर काळजी वाटली तर आम्ही तुम्ही नेमलेल्या व्यक्तीला कळवावं का. मोठ्या बहुसंख्येने विद्यार्थ्यांनी हो म्हटलं. मुलांना पालक नकोच असतात हा समज त्यामुळे बराच सैल व्हावा. त्यांना विचारलं जायला हवं असतं, एवढंच. ही व्यक्ती आई असेल, थोरली बहीण असेल, मावशी असेल. घरात मारहाण होत असेल अशा मुलीसाठी ती व्यक्ती वडील नसणं हेच तिचं संरक्षण असतं, आणि सरसकट सर्व पालकांना मेसेज पाठवणारी यंत्रणा नेमक्या याच मुलीचा घात करते.

आता घरच्या बाजूने काय करायचं ते पाहू. पालकांची पहिली गफलत वेळापत्रक वाचताना होते. आठवड्याला पंधरा-सोळा तास वर्ग दिसले की वाटतं, मुलगा उरलेला वेळ मोकळा आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या कामाचं माप. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाला 60 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम गृहीत धरलेलं असतं. वर्षाला ते 1500 ते 1800 तास होतात. अमेरिकेतला हिशेब साधा: वर्गातल्या एका तासामागे बाहेर किमान दोन तास. म्हणजे 15 तासांचं वेळापत्रक प्रत्यक्षात 45 तासांचा आठवडा असतो, आणि त्यातले 30 तास कुठे, कधी, कुणाबरोबर घालवायचे हे कुणी सांगत नाही. शाळेत दिवस भरलेला मिळत होता. इथे तो स्वतः भरायचा असतो. म्हणून ‘अभ्यास चालू आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्याऐवजी विचारावं, ‘मंगळवारी दोन तासांच्या मधे तीन तास मोकळे आहेत, तेव्हा कुठे बसतेस?’ या प्रश्नाला ‘ग्रंथालयात’, ‘खोलीवर झोपते’, ‘अजून जागा सापडली नाही’ अशी खरी उत्तरं येतात. खोलीवर झोपते असं उत्तर आलं तरी लगेच सल्ला देऊ नये. आठवडाभराने ती स्वतःच त्याविषयी काही बोलते का ते पाहावं.

सोडायला जाण्याच्या दिवसाबद्दल थोडंसं. खोलीची किल्ली मुलाने स्वतः घ्यावी, सामानाच्या यादीवर सही त्यानेच करावी, आणि सही करण्याआधी भिंतीवरचे डाग, खिळखिळं कपाट, न लागणारी खिडकी यांचे फोटो काढून ते त्याच दिवशी वसतिगृहाच्या कार्यालयाला ईमेलने पाठवावेत. वर्षअखेरीस अनामत रकमेवरून वाद झाला तर तारखेसह हाच पुरावा कामी येतो. गादीवर चादर घालून द्यावी, पाण्याची बाटली भरून ठेवावी आणि संध्याकाळ व्हायच्या आत निघावं. जवळ कुठे खोली घेऊन चार दिवस राहायचा मोह होतो, पण तो टाळावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत वसतिगृहाची दारं उघडी असतात, सगळेच एकमेकांना अनोळखी असतात आणि जेवायला कुणाबरोबरही जाता येतं. आईवडिलांबरोबर बाहेर जेवणारी मुलगी या दिवसांत सुटून जाते. आठवड्याने तीच दारं लागलेली असतात आणि गट जमलेले असतात. आत शिरता येतं, पण मग धिटाई लागते.

घरच्या ओढीला आपण उगीच दुबळेपणा समजतो. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 साली बासेल इथे या अवस्थेवर प्रबंध लिहिला आणि तिला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं. तेव्हा तो आजारच मानला जात होता. 1987 साली शर्ली फिशर आणि ब्रूस हूड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यापीठात जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर काही आठवड्यांनी अशी त्याच विद्यार्थ्यांची दोनदा पाहणी केली. विद्यापीठात गेल्यावर मनाची अस्वस्थता आणि विसरभोळेपणा हे दोन्ही वाढलेले त्यांना दिसले. हा विसरभोळेपणा पालकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. हुशार मुलगी किल्ली विसरते, वर्गाची खोली चुकते, ओळखपत्र दुसऱ्यांदा हरवते. घरी वाटतं, हिचं लक्ष कुठे आहे? लक्ष असतं, पण नवे रस्ते, नवी माणसं, बोलण्याची नवी पद्धत हे सगळं एकदम सांभाळण्यात ते खर्च होत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सुरुवातीची धामधूम ओसरली की ओढ जास्त जाणवते. रविवारची दुपार आणि रात्री दिवा मालवल्यानंतरचा अर्धा तास या वेळा विशेष अवघड जातात.

फोनही नेमका तेव्हाच येतो. रात्रीचे अकरा वाजलेत, मुलगी रडते आहे. खोलीतली मुलगी बोलत नाही, वर्गात सगळे आपल्यापेक्षा हुशार आहेत, इथे येऊन चूक केली. पाऊण तास बोलून तिचा फोन संपतो, तिला हलकं वाटतं आणि बाराच्या सुमाराला ती झोपते. इकडे आई पहाटेपर्यंत जागी असते. सकाळी ती वसतिगृहाच्या प्रमुखांना पत्र लिहिते, खोली बदलून मागते. दुपारी मुलीला कार्यालयात बोलावणं येतं, खोलीतल्या दुसऱ्या मुलीलाही येतं. दोघी त्याच संध्याकाळी पहिल्यांदा एकत्र चहा प्यायला निघणार होत्या. आता तक्रारदार आणि आरोपी होतात. मुलगी एक गोष्ट पक्की शिकते: घरी खरं सांगायचं नाही.

असा फोन आला की पहिल्याच मिनिटाला विचारावं, ‘मी नुसतं ऐकू, की आपण मिळून काही ठरवू?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नुसतं ऐक’ असंच येतं. मग ऐकावं. मधे ‘अगं, मग तू असं कर’ म्हणू नये, आपल्या तरुणपणीचे हाल सांगू नयेत, आणि ‘तू रडलीस की मला इथे काही सुचत नाही’ हे तर अजिबात बोलू नये, कारण त्या वाक्याने तिच्या दुःखात आपलं दुःख सांभाळण्याच्या कामाची भर पडते. ती शांत झाली की एकच प्रश्न पुरे: ‘उद्या सकाळी पहिली गोष्ट काय करशील?’ आंघोळ करून आठच्या तासाला जाईन, एवढं उत्तर आलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दोन ओळींचा मेसेज करावा. रात्रीचं दुखणं सकाळी किती उरलं हे तेव्हाच कळतं. आणि चोवीस तास उलटल्याशिवाय विद्यापीठातल्या कुणालाही काही लिहायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावा, विशेषतः ज्यांना पत्रं चांगली लिहिता येतात त्यांनी.

फोन किती वेळा करावा? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा होफर यांनी केलेल्या पाहण्यांत कॉलेज विद्यार्थी आणि पालक यांचा संपर्क आठवड्याला दहापेक्षा जास्त वेळा होत असल्याचं आढळलं. आकड्यापेक्षा मला फोन कोण लावतं हे महत्त्वाचं वाटतं. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा असाव्यात, वीस-पंचवीस मिनिटांच्या. बाकीच्या वेळी मुलांनी हवं तेव्हा करावा. ठरलेल्या वेळेमुळे दोन्हीकडे निश्चिंती राहते आणि मुलं अडचणी तोवर स्वतःशी वागवून पाहतात. बुधवारी सकाळी डोंगराएवढी वाटलेली अडचण गुरुवारच्या फोनपर्यंत निम्मी सुटलेली असते. मेसेजला लगेच उत्तर आलं नाही तर लागोपाठ पाच मेसेज टाकू नयेत. फोनवरून ठावठिकाणा सतत पाहणं तर सोडूनच द्यावं. नकाशावरचा ठिपका रात्री एक वाजता अनोळखी रस्त्यावर दिसला तर शंभर कोसांवरून आपण करणार काय? तो ठिपका पाहून आपली झोप जाते आणि मुलांना पाळतीची सवय होते. रात्री उशीर झाला तर कुणाबरोबर परतायचं, विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा क्रमांक फोनमध्ये साठवलाय का, हे आधीच बोलून ठेवलेलं जास्त उपयोगी पडतं.

पैशाचं थोडक्यात. सत्राची रक्कम एकदम हातात देऊ नये आणि मागेल तशीही देऊ नये. एका ठरलेल्या वारी आठवड्याचे पैसे खात्यात जावेत. पहिल्या महिन्यात ते लवकर संपतील हे धरून चालावं आणि एकदाच, न रागावता, भर घालावी. मुलांना दोन फसवणुकींची माहिती नक्की द्यावी. खोली प्रत्यक्ष न पाहता अनामत रक्कम मागणारा घरमालक ही पहिली. दुसरी जास्त घातक. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव, थोडे तुला ठेव’ असं कुणी सांगतं. ते पैसे गुन्ह्यातले असतात, खातं गोठतं आणि पोलिसांची चौकशी खातेदाराची होते. पहिल्या वर्षाची मुलं याला सहज बळी पडतात, कारण काम सोपं दिसतं आणि सांगणारा बहुधा ओळखीचाच असतो.

तब्येतीच्या बाबतीत निघण्यापूर्वीची तयारी उपयोगी पडते. चालू औषधं असतील तर महिनाभराचा साठा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ नाव मुलांना पाठ असावं. नुसत्या कंपनीच्या नावाने दुसऱ्या गावी औषध मिळेलच असं नाही. नव्या ठिकाणच्या दवाखान्यात नोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी, आजारी पडल्यावर नव्हे. सुरुवातीला सर्दी-ताप बहुतेकांना होतो, कारण निरनिराळ्या भागांतून आलेली माणसं एका छताखाली राहू लागतात. यात एक धोका ओळखता यायला हवा. वसतिगृहात राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मेनिंगोकॉकल संसर्गाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकणाऱ्या जंतुसंसर्गाचा, धोका इतरांहून जास्त असतो, म्हणून काही देशांत त्यांना लस दिली जाते. ताप, जोराची डोकेदुखी, मान ताठणं, उजेड सहन न होणं, अंगावर असे डाग की ज्यांवर काचेचा पेला दाबला तरी ते फिके होत नाहीत, यांतलं काही एकत्र दिसलं तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जायचं. डाग उमटलेच पाहिजेत असंही नाही. हे मुलाला सांगावंच, आणि खोलीतल्या सोबत्यालाही सांगायला सांगावं, कारण आजारी माणसाला स्वतःचं भान कमी असतं.

आता सर्वांत नाजूक वाक्य: ‘मला इथे राहायचं नाही.’ यावर घरोघरी दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘ये परत, तुझ्यापेक्षा काही मोठं नाही.’ दुसरं, ‘दोन महिने काढ, सवय होईल.’ दोन्ही प्रेमापोटीच दिली जातात आणि दोन्हींनी नुकसान होतं. पहिल्याने, आणखी दहा दिवसांत रुळली असती ती मुलगी परत येते. दुसऱ्याने मुदत हुकते. विषय किंवा शाखा बदलण्याची खिडकी बहुतेक ठिकाणी सत्राच्या पहिल्या काही आठवड्यांतच बंद होते. फीचा परतावाही तारखेनुसार घटत जातो, आणि ऑस्ट्रेलियात तर त्यासाठी ‘सेन्सस डेट’ नावाची ठरलेली तारीखच असते, जिच्या आत विषय सोडला तर त्याची फी लागत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच मुलाने या तीन तारखा शोधून घरी सांगाव्यात: विषय बदलायची, प्रवेश मागे घ्यायची आणि वसतिगृह सोडल्यास भाडं थांबायची. आपण पोर्टलवर शोधून त्याला सांगू नये. एकदा तारखा समोर असल्या की बोलणं बदलतं. ‘विषय बदलायला अजून बारा दिवस आहेत. तोवर विभागातल्या मार्गदर्शकांना एकदा भेट, दुसऱ्या शाखेच्या दोन तासांना बसून ये, मग आपण बोलू.’ त्यातून नेमकं काय नको आहे हे वेगळं होतं. विषय नको असेल तर उपाय आहे. गाव नको असेल तर थोडा वेळ द्यावा लागतो. वर्गात कुणी छळत असेल तर ते तारखांचं प्रकरणच नव्हे. ती लेखी तक्रार त्याच दिवशी व्हायला हवी, आणि ती लिहिताना पालकांनी शेजारी बसावं.

अमेरिकेतले शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 साली मुलं शिक्षण का सोडतात याची जी मांडणी केली, तिच्यात अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी जोडलं जाणं याला मध्यवर्ती जागा आहे. जुन्या जगापासून तुटल्याशिवाय नव्यात रुजता येत नाही, असाही एक सूर पुढे तिच्यातून काढला गेला. त्यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती मला पटते. घरातून पहिल्यांदाच कुणी विद्यापीठात गेलं असेल तर घराचा आधारच त्या मुलाला तिथे टिकवतो. अशा पालकांना ‘क्रेडिट’, ‘सत्र’, ‘अंतर्गत गुण’ हे शब्द परके असतात आणि त्याची लाजही वाटते. लाजायचं काही कारण नाही. ‘मला यातलं कळत नाही, तू समजावून सांग’ असं म्हटलं की मूल बोलता बोलता स्वतःच नियम नीट समजून घेतं. सगळं ठाऊक असलेल्या पालकांपेक्षा इथे न जाणणारे पालक चांगली मदत करून जातात.

काही वेळा मात्र मुलांना न विचारता पुढे व्हायचंच असतं आणि तेव्हा घुटमळू नये. सलग दोन आठवडे झोप किंवा जेवण जवळपास बंद, खोलीबाहेर पडणं थांबलेलं, ठरलेले फोन न घेणं, वस्तू वाटून टाकणं, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा, यांपैकी काही दिसलं तर सरळ विचारावं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं किंवा उत्तरच आलं नाही तर फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून वसतिगृहाला आणि विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाला कळवावं, कुणाला तरी खोलीत जाऊन बसायला सांगावं, तातडीची वैद्यकीय मदत मागवावी आणि मिळेल त्या वाहनाने निघावं. अशा वेळी विद्यापीठ ‘गोपनीयतेमुळे काही सांगता येत नाही’ म्हणालं तरी एक लक्षात ठेवावं: त्यांनी माहिती देण्यावर बंधन असेल, आपण त्यांना माहिती देण्यावर कुठलंही बंधन नाही. ‘तुम्ही मला काही सांगू नका, मी सांगते ते लिहून घ्या आणि खोलीवर माणूस पाठवा,’ एवढं ठामपणे म्हणावं.

विद्यापीठांकडे मागणी करायची ती संमतीच्या अर्जाची, आणि त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायला हव्यात: फीबद्दल कुणाला कळवायचं, अभ्यासाबद्दल कुणाला, आणि जिवावरच्या प्रसंगी कुणाला. तिन्ही ठिकाणी वेगळी नावं देता यावीत. अर्ज विद्यार्थ्याने भरावा, पालक समोर नसताना. प्रवेशाच्या दिवशी गर्दीत भरलेला अर्ज कुणी नीट वाचत नाही, म्हणून सहाव्या आठवड्यात, पहिली चाचणी होऊन गेल्यावर, तो पुन्हा उघडावा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी प्रत्येकाला पाच मिनिटं देऊन विचारावं, नावं तीच ठेवायची की बदलायची. घरी तोवर करण्यासारखं एक काम आहे. प्रवेशअर्जातला मोबाइल क्रमांक बदलून घ्यायला मुलीला सांगावं, तिच्या पोर्टलचा पासवर्ड तिला बदलायला लावावा, आणि नवा पासवर्ड विचारू नये.